ट्रेनऐवजी बस

आमच्या आइलिफने ‘ट्रेन’ हा शब्द उचलला तेव्हा त्याने जन्मात एकदाही ट्रेन पाहिलेली नव्हती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. शब्द आला यातच मी खूश होते. त्याचे शब्द मोजायला एका हाताची बोटं पुरत होती: दिवा, नाही, अजून, बाबा, आणि आता हा ‘टेन’. ‘आई’ला आणि ‘दूध’ला मिळून एकच आवाज होता, आणि त्यातला माझा वाटा किती, हे मी स्वतःला विचारत नसे.

बालवाडीत त्याच्याच वयाची लीवे नावाची मुलगी होती. एका सकाळी ती मला म्हणाली, “माझे मोजे ओले झालेत, पण मला चालतंय.” मी आइलिफचे बूट काढत होते. बूट माझ्या हातातच राहिला.

तसं कारणही होतं. आरोग्य केंद्रातली नर्स बेर्ग्ल्योट मागच्या तपासणीला सहज बोलून गेली होती, “दोन वर्षांची होईतो मुलं दोन शब्द जोडायला लागतात. ‘दूध हवं’, ‘मांजर गेलं’, असं काहीतरी. नाहीच जोडले तर आपण ट्रॉन्डहाइम शहरात वाचातज्ज्ञांकडे पाठवू. घाबरण्यासारखं काही नाही.”

घाबरण्यासारखं काही नाही, असं कुणी म्हटलं की मी तिथूनच घाबरायला सुरुवात करते. आइलिफचा दुसरा वाढदिवस मार्चमध्ये होता. त्याआधीचा सगळा हिवाळा मी त्याच्यापुढे दोन-दोन शब्द मांडत होते, ताटात घास मांडावेत तसे. ‘लाल बूट.’ ‘बर्फ गार.’ ‘पाव संपला.’ तो मन लावून ऐकायचा, माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि मी थांबले की म्हणायचा, “अजून.”

“अगं, माझ्या वडिलांनी चाळिशीपर्यंत दोन शब्द जोडले नव्हते,” टोर्गाइर, माझा नवरा, म्हणायचा.

“आणि जोडले तेव्हा काय म्हणाले?”

“‘कॉफी संपली.’”

टोर्गाइरला हसणं परवडत होतं. तो सकाळी आम्ही उठायच्या आत कामावर जायचा. विमानतळाचं टर्मिनल वाढवायचं काम चालू होतं आणि तो तिथे वायरमन होता. दिवसभर शिडीवर, डोकं छतात. आमचं स्ट्रांडमो म्हणजे विमानतळाच्या कुंपणाला टेकलेली पंधरा-वीस घरं, त्यामुळे घरातून निघालं की आधी दिसायचं ते नवं टर्मिनलच: लांबच लांब, पांढरं, एका ओळीत खिडक्याच खिडक्या. हिवाळ्यात सकाळी बाहेर काळोख असायचा आणि त्या सगळ्या खिडक्या पेटलेल्या. मी आइलिफला उचलून कुंपणापाशी धरायची. “बघ, बाबा तिथे आहे. बाबाला टाटा कर.” टोर्गाइर काही दिसायचा नाही. आइलिफ अख्ख्या इमारतीला हात हलवायचा. “बाबा,” म्हणायचा.

तिथून पुढे स्टेशन. मी होव्सविकाच्या नगरपालिकेत नकाशांच्या खात्यात आहे आणि आइलिफची बालवाडी माझ्या ऑफिसच्या पलीकडच्या गल्लीत, म्हणून आम्ही रोज एकत्रच जायचो. जुना रूळमार्ग आइलिफच्या जन्माआधीच कामासाठी बंद झाला होता. त्यावरून नवी गाडी येणार होती, विजेवरची, थेट टर्मिनलच्या दारात थांबणारी. ती आदल्या शरद ऋतूत सुरू व्हायची होती. मग कळलं की गाडीची पायरी फलाटापेक्षा वीतभर उंच आहे. फलाट उंच केला. तोवर टर्मिनलकडून फलाटावर यायचा झाकलेला रस्ता तयार नव्हता. तो झाला, तर गाडी थंडीतल्या चाचणीत उभीच राहिली. नव्या वर्षात नक्की, म्हणाले. मग ईस्टरला नक्की.

“गाडी टर्मिनलसाठी थांबलीय आणि टर्मिनल गाडीसाठी,” टोर्गाइर सांगायचा. “लग्नाच्या नाचात दोन लाजरी माणसं भिंतीला टेकून उभी असतात ना, तसं.”

तोपर्यंत फलाटावरच्या पाटीवर रोज तीच पिवळी ओळ: ट्रेनऐवजी बस. आमच्या भागात ती आता बोलण्यातच शिरली होती. घरात लोणी नसलं आणि मार्गारीन पुढे आलं की टोर्गाइर म्हणायचा, “अच्छा, ट्रेनऐवजी बस.” माझी सासू सोल्फ्रिड आपल्या दुसऱ्या नवऱ्याची ओळख तशीच करून द्यायची, त्याच्यासमोर, आणि तो मान लववायचा.

आणि बस दिसली की थांब्यावरचं कुणीतरी म्हणणारच, “ट्रेन आली.” चेष्टेनेही नाही. तिकीट ट्रेनचं, वेळापत्रक ट्रेनचं, फलाट ट्रेनचा, मग काय म्हणायचं? मीही रोज आइलिफचा हात धरून म्हणायची, “चल, ट्रेन आली.” मी कॉलेजात शिकलेली बाई, मुलाच्या प्रत्येक शब्दावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी. आणि माझ्या तोंडून रोज काय जातंय हे मलाच ऐकू येत नव्हतं.

मार्चमधल्या तपासणीच्या दिवशी बेर्ग्ल्योट आमच्यानंतर आली. टोपीवरचं पाणी झटकत म्हणाली, “माफ करा हं, ट्रेनला उशीर झाला.” कोपऱ्यात तिच्या पितळी बाज्याची भलीमोठी काळी पेटी होती. ती होव्सविकाच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा बाजा वाजवते आणि तपासणीनंतर सरावाला जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आइलिफने आधी त्या पेटीवर चढायचा प्रयत्न केला.

वजन, उंची, कान, सगळं ठीक. मग तिने चित्रांची कार्डं काढली. मी हात मांडीखाली घालून बसले, नाहीतर मी खुणा केल्या असत्या.

“हे काय आहे, आइलिफ?” कुत्रा. आइलिफ भुंकला. “छान. आणि हे?” चेंडू. आइलिफने कार्ड फेकलं. बेर्ग्ल्योटने तेही चालवून घेतलं. “आणि हे?”

लाल बस होती, गोल दिव्यांची.

“टेन,” आइलिफ म्हणाला. स्पष्ट, ठणठणीत.

“नीट बघ हं. हे काय?”

“टेन.”

तिने ते कार्ड खाली ठेवलं आणि पुढचं काढलं. त्यावर ट्रेन होती: पांढरी, लांब, खिडक्याच खिडक्या. आइलिफचा चेहरा उजळला. त्याने हात हलवला.

“बाबा,” तो म्हणाला.

बेर्ग्ल्योटने काही लिहिलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मुलं शब्द उशिरा शिकतात हे मी वाचलं होतं. चुकीच्या वस्तूला चुकीचा शब्द लावतात, त्याबद्दल काय वाचलं होतं ते मला आठवेना, आणि आठवायचंही नव्हतं.

“घरी गाड्यांचं पुस्तक वगैरे आहे का?” तिने विचारलं.

“होतं. त्याने दातांनी संपवलं. ट्रेनचं पान सगळ्यात आधी.”

तेवढ्यात आइलिफ धावत खिडकीशी गेला आणि दोन्ही तळवे काचेवर आपटून ओरडला, “टेन! टेन!” खालच्या रस्त्यावरून आमची रोजची बस चालली होती, आणि तिच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ट्रेनऐवजी बस.

मी बसकडे बघितलं. मग बेर्ग्ल्योटकडे.

“बेर्ग्ल्योट, तू आज कशाने आलीस?”

“ट्रेनने,” ती म्हणाली. मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. “म्हणजे... बसने.”

“आम्हीपण. रोज.”

ती हसायला लागली. नर्सचं मोजूनमापून हसणं नाही, बाजा वाजवणाऱ्या बाईचं, फुप्फुसं भरून. मला हसू आलं नाही, कारण अजून ते ‘बाबा’ उरलं होतं. मी ते पांढरं कार्ड हातात घेतलं. लांबच लांब, एका ओळीत खिडक्या, सगळ्या पेटलेल्या. कुंपणापाशी, रोज सकाळी, काळोखात.

“हे टर्मिनल आहे,” मी म्हणाले. “त्याचा बाबा तिथे काम करतो. मीच दाखवते.”

“म्हणजे पोराचं काही चुकलेलं नाही,” बेर्ग्ल्योट डोळे पुसत म्हणाली. “चुकलंय ते आपलं सगळ्यांचं.” मग ती जरा गंभीर झाली, आणि मला तेच बरं वाटलं, कारण नुसतं हसून सोडलं असतं तर मी घरी जाऊन पुन्हा सुरुवात केली असती. “पण सुन्निवा, दोन शब्द अजून नाहीत. ते नाहीतच. आपण जूनअखेर परत भेटू. तोवर जोडले नाहीत, तर ट्रॉन्डहाइमची चिठ्ठी देते. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. बाहेर पडताना आइलिफ पेटीला म्हणाला, “अजून.”

दुसऱ्या दिवशी मी ठरवून थांब्यावर गेले. आमच्याकडे थांब्यावर माणसं एकमेकांपासून हातभर नाही, चांगली दोन हात लांब उभी राहतात आणि बोलत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच बसला येणारी माणसं एकमेकांची नावं विचारत नाहीत. विचारलं तर वाटेल की हिचं डोकं फिरलंय, किंवा ही राजधानीकडची आहे. आणि मी त्या फलाटावर, ओल्या बर्फात, मोठ्याने म्हणाले, “एक विनंती होती. माझा मुलगा बसला ट्रेन म्हणतो, कारण आपण सगळे म्हणतो. तो समोर असताना, जमलं तर, बसला बस म्हणाल का?”

पाठीवर सॅक घेतलेला उंच माणूस आपल्या बुटाकडे एकटक बघायला लागला. हिरव्या टोपीची बाई पाटीकडे. माझे कान इतके तापले की टोपी काढावीशी वाटली. संध्याकाळी टोर्गाइरला सांगितलं तर त्याने काटा खाली ठेवला. “तू अनोळखी माणसांशी बोललीस? मुद्दाम? सकाळी?”

पण त्याच्या पुढच्या दिवशी वळणावर दिवे दिसले आणि हिरवी टोपी, हवेकडे बघून, म्हणाली, “बस आली.”

“हो,” सॅकवाला म्हणाला. “बसच.”

“बसच आहे,” तिसरं कुणीतरी म्हणालं. आणि दार उघडल्यावर ड्रायव्हर हालस्टाइन, जो कधी मान हलवण्यापलीकडे गेला नव्हता, त्याच्यापर्यंतही ते कसं पोचलं कोण जाणे, तोही आइलिफकडे वाकून म्हणाला, “या साहेब, बसमध्ये स्वागत.”

आइलिफने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. मोठी माणसं चुकतायत आणि कुणी काही करत नाही, अशी नजर.

“नाही,” तो म्हणाला. मग हालस्टाइनला नीट कळावं म्हणून स्टिअरिंगकडे बोट दाखवून, “टेन.”

हे वसंतभर चाललं. फलाट रोज म्हणायचा बस, आइलिफ रोज म्हणायचा नाही. एक मात्र झालं. माणसं दोन हातांवरून एका हातावर आली. हिरव्या टोपीचं नाव टोर्हिल्ड निघालं. तिला पाच नातवंडं होती आणि प्रत्येकाबद्दल मत होतं. सॅकवाला शाळेत गणित शिकवायचा आणि आइलिफशी अगदी गंभीरपणे वाद घालायचा. “हे बघ, रूळ कुठेत? रुळांशिवाय ट्रेन नसते.” आइलिफ ऐकून घ्यायचा. “नाही,” म्हणायचा. मास्तर माझ्याकडे वळून म्हणायचा, “मुद्दा आहे त्याचा.”

“पोरगं हट्टी आहे,” सोल्फ्रिड फोनवर म्हणाली. “मग काळजी कशाची करतेस? हट्ट करायला डोकं लागतं. त्याच्या बापाला नव्हतं, तो सगळ्याला हो म्हणायचा, आणि बघ, तुझ्याशी लग्न झालं त्याचं.”

“थँक्यू, सोल्फ्रिड.”

“मी तुझी तारीफ करतेय, वेडे.”

मला तिचं पटत होतं, दिवसा तरी. पण बर्फ गेला, टर्मिनलभोवतीची माती सुकून तिथे गवत उगवलं, लीवे बालवाडीत म्हणाली की तिला यंदा समुद्राला जायचंय पण पाणी फार गार नसेल तरच, आणि आइलिफचे शब्द अजून एकेकटेच फिरत होते. ‘फूल’ आलं. ‘खड्डा’ आला. दोन शब्द एकत्र कधी दिसले नाहीत. मी ‘फूल लाल’ म्हणायची आणि तो मला फूल आणून द्यायचा, त्यामुळे रागावताही यायचं नाही.

जूनमध्ये मात्र टर्मिनल आणि गाडी, दोन्ही एकदम तयार झाली. खरंच झाली, टोर्गाइरने स्वतः डोळ्यांनी पाहिली होती, रात्रपाळीत चाचणीला आलेली. एका शनिवारी दोन्हींचं उद्घाटन ठरलं. फलाटावर झेंडे, नगराध्यक्षा गळ्यात पदाची साखळी घालून, लाल फीत, लांब टेबलावर वॅफल आणि तपकिरी चीज, मोठ्या भांड्यांत मटणगोळ्यांचा रस्सा, आणि एका बाजूला होव्सविकाचा बँड गणवेशात. बेर्ग्ल्योट मागच्या रांगेत होती, बाजा अंगाभोवती गुंडाळल्यासारखा. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. नाही, अजून नाही. पुढच्या आठवड्यात आमची भेट होती.

सोल्फ्रिड आली होती, तिच्या बसऐवजीच्या, नाही, ट्रेनऐवजीच्या नवऱ्याला घेऊन. थांब्यावरची सगळी मंडळी आली होती आणि इतकी जवळजवळ उभी होती की बाहेरचं कुणी बघितलं असतं तर आम्हाला नातेवाईक समजलं असतं. आइलिफ टोर्गाइरच्या खांद्यावर.

बँडवाल्यांना सांगितलं होतं, वळणावर दिवे दिसले की सुरू करा. फलाटाच्या कडेने रस्ता आणि रूळ एकाच वळणावरून येतात, आणि बँडमास्तर पाठमोरा. गाडीची वेळ टळली. नगराध्यक्षेने कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कुणाच्या तरी फोनवर निरोप आला आणि तो पुढे सरकत सरकत फलाटभर गेला: गाडी निघालीय, पण मध्येच उभी आहे, लोकांची सोय म्हणून...

“नाही,” टोर्हिल्ड म्हणाली. “आज नाही. असं करणार नाहीत.”

वळणावर दिवे दिसले. ढोल वाजवणारा मुलगा उडाला, बँड दणक्यात सुरू झाला, सगळं पितळ एकदम, आणि उन्हात चमचमत, कपाळावर पिवळी ओळ घेऊन, हालस्टाइनची बस आली.

बँड थांबला नाही. थांबायचं कुणाला सुचलंच नाही. हालस्टाइनने दार उघडलं, खाली उतरला, झेंडे बघितले, कात्री बघितली, आणि टोपी काढून वाकून नमस्कार केला. आधी गणिताचा मास्तर हसला, मग टोर्हिल्ड, मग सगळा फलाट. नगराध्यक्षासुद्धा. पण त्या गर्दीत एकच जण हसत नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने हसण्यासारखं काही नव्हतंच. आइलिफ बाबाच्या खांद्यावर ताठ बसून टाळ्या वाजवत होता. शेवटी, इतक्या महिन्यांच्या वादानंतर, ह्या लोकांना कळलं होतं. झेंडे लावले, बाजे आणले, वॅफल केले. त्याच्या ट्रेनसाठी.

“टेन,” तो मास्तरला वरून म्हणाला.

“हो रे बाबा,” मास्तर म्हणाला. “तू जिंकलास.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पुढच्या आठवड्यातली चिठ्ठी, ट्रॉन्डहाइम, वाचातज्ज्ञ, सगळं होतं तसंच होतं. पण ह्या मुलाला आपलं म्हणणं सांगता येत नाही असं कुणी म्हणालं असतं तर मी तिथे भांडले असते.

खरी गाडी आली तेव्हा आम्ही रश्श्याचे वाडगे हातात घेऊन बसलो होतो. ती कुणाला सांगून आली नाही. आवाजच नव्हता तिला. पांढरी, लांब, खिडक्याच खिडक्या, हळूच येऊन फलाटाला टेकली, आणि पायरी बरोबर फलाटाला लागली. “अरे,” सोल्फ्रिडचा नवरा म्हणाला, “ही आली की.” मग एकच धावपळ. कात्री कुठे गेली ते सापडेना. ती वॅफलच्या टेबलावर चीजशेजारी निघाली. फीत कापली. लोक चढले. सोल्फ्रिड चढली, नवऱ्याला ओढत. आम्हीही चढणार होतो, पण आइलिफने टोर्गाइरचे केस दोन्ही मुठींत धरले आणि “नाही” म्हणाला, तेव्हा आम्ही थांबलो.

“बघ, आइलिफ, ही ट्रेन,” मी सवयीने सुरू केलं. मग सोडून दिलं. एवढा आनंदात होता, कशाला मध्ये पडायचं.

दारं मिटली. बँडवाल्यांनी तोंडं पुसली आणि पुन्हा सुरुवात केली, यावेळी योग्य त्या वाहनासाठी. गाडी हलली. पेटलेल्या खिडक्यांची ती लांब ओळ आमच्या समोरून एकेक करत सरकायला लागली. आइलिफने टाळ्या थांबवल्या. तो बघत राहिला. मागे टर्मिनल होतं, जागच्या जागी, पण तो तिकडे बघत नव्हता. शेवटची खिडकी वळणाआड गेली, आणि त्याने हात उचलून हलवला.

“बाबा गेला,” तो म्हणाला.

टोर्गाइरने मान वर करायचा प्रयत्न केला. “मी कुठे गेलो? मी इथेच आहे की. माझ्यावरच बसलायस तू.”

आइलिफने वाकून त्याच्याकडे बघितलं, मग रिकाम्या रुळांकडे, आणि काळजीच्या सुरात पुन्हा म्हणाला, “बाबा गेला.”

माझ्या हातातला वाडगा टोर्हिल्डने घेतला, नाहीतर तो पडला असता. दोन. एकाला एक लागून. मधे काही नाही, चूक नाही, नुसतं माझ्यामागून म्हटलेलंही नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं होतं: कुंपणापलीकडचा तो लांबलचक, खिडक्यांचा, रोज टाटा करायचा बाबा, उठून निघून गेला होता. आणि एवढी मोठी गोष्ट एका शब्दात मावत नाही, म्हणून त्याने दुसरा घेतला.

“तो काय म्हणाला ऐकलंस?” मी टोर्गाइरचा दंड धरला.

“ऐकलं. मी गेलो म्हणे.” मग त्याचा चेहरा बदलला. “सुन्निवा. दोन आहेत.”

“दोन आहेत.”

“दोन कसले?” मास्तरने विचारलं, आणि टोर्हिल्डने त्याला सांगितलं, आणि मग ते थांब्यावरच्या सगळ्या मंडळींत फिरलं, मघाशी निरोप फिरला होता तसंच. मी बँडकडे बघितलं. ओरडून काही उपयोग नव्हता, आणि ओरडायची माझी सवयही नाही. मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. बेर्ग्ल्योटचे गाल फुगलेले होते, तिला हसता येईना, सोडताही येईना. तिने डोळे मोठे केले, आणि तिच्या त्या मोठ्या बाज्यातून एक सूर असा निघाला की बँडमास्तरने वळून बघितलं.

गर्दी पांगायला लागली. टेबलावरचे वॅफल संपले होते, टोर्गाइरला आत जाऊन कुठलेसे दिवे बघायचे होते, आणि हालस्टाइन बसला टेकून शेवटची कॉफी पीत होता. त्याला होव्सविकाला रिकामी बस परत न्यायची होती. सोमवारपासून त्याला दुसरीकडचा मार्ग दिला होता.

“येता का?” त्याने विचारलं. “तिथपर्यंत जाऊ. तिकडून ट्रेनने परत या. म्हणजे, त्या दुसऱ्या ट्रेनने.”

टोर्गाइर आइलिफचा पापा घेऊन टर्मिनलमध्ये गेला. आइलिफने त्याला जाताना बघितलं, मग त्या जागेवर उभ्या असलेल्या इमारतीला बघितलं, आणि काहीतरी ठरवल्यासारखं माझा हात धरला. त्या क्षणी मला त्याला सगळं नीट समजावून सांगता आलं असतं. बाबा माणूस आहे, ती इमारत आहे, ती गाडी आहे. वेळ होता. शब्दही होते माझ्याकडे.

हालस्टाइनने इंजिन सुरू केलं.

“चल,” मी म्हणाले. “ट्रेन आली.”